‘बरे झाले’ हे कोणी म्हणावे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एक लेख प्रसिद्ध झाला होता. संकट ही संधी मानावी, दुःखाच्या भट्टीतूनच माणूस तावून सुलाखून निघतो आणि आपल्या संतांनीही दुःखाचे स्वागतच केले आहे, असा त्या लेखाचा आशय होता. आधारासाठी तुकोबारायांच्या ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ या चरणांचा दाखला दिला होता. लेखकाचा हेतू पूरग्रस्तांना धीर देण्याचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही तो लेख वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण हेच शब्द मी बत्तीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये बसून ऐकले आहेत आणि ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा काय परिणाम होतो हे मला चांगले ठाऊक आहे.

मी औसा तालुक्यातील, तेरणा नदीच्या बाजूच्या एका गावची रहिवासी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आमचे गाव गणपतीचे विसर्जन करून नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे त्या पहाटे गेली. आमच्या घरातून माझे सासरे आणि माझा चार वर्षांचा मुलगा गेला. यजमानांच्या पायावर तुळई पडून पाय कायमचा अधू झाला. मी आणि सासूबाई अंगणालगतच्या पडवीत झोपलो होतो म्हणून वाचलो. त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि चिता पेटवणेही अवघड होऊन बसले. त्या दिवसांविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

मुलगा नवसाचा होता, एवढे मात्र सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्याशी निगडित आहे. लग्नानंतर पाच वर्षे मूल नव्हते, म्हणून तुळजापूरच्या भवानीला नवस बोलले होते. मूल झाल्यावर पायी जाऊन तो फेडला होता. माझे देवाशी असलेले नाते तोपर्यंत अशा बोलण्या-फेडण्याचे होते आणि त्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नव्हते. सासरे माळकरी होते, आषाढीला पंढरीला जात, त्यांची एकादशी चुकत नसे. अशा घरावर ही वेळ आली, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. माझे देवाकडे येणे निघत होते आणि देवाने ते बुडवले होते. पुढची तीन-चार वर्षे मी देवापुढे दिवा लावला नाही. सासूबाईंनी त्याबद्दल मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या स्वतः दिवा लावत आणि मी पाठ फिरवून बसत असे.

त्या काळात आमच्याकडे खूप माणसे आली. देशभरातून मदत आली, तिची आठवण आजही डोळ्यांत पाणी आणते. अनोळखी माणसांनी आमचे मुडदे उपसले, आमच्यासाठी भाकरी थापल्या. त्यांच्याबरोबर उपदेश करणारेही आले. कोणी सांगे, देव आपल्या माणसांचीच परीक्षा पाहतो. कोणी म्हणे, यातून तुमचा पुनर्जन्म होईल. एका प्रवचनकारांनी शेडसमोरच्या मोकळ्या जागेत बसून तुकोबांचा हाच अभंग लावला आणि ‘दुष्काळाने तुकोबांवर उपकारच केले, तसे या भूकंपाने तुमच्यावर’ असे म्हटले. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, जिची तीन मुले गेली होती. ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर ती कोणाच्याही कीर्तनाला कधी बसली नाही. पुढे सहा वर्षांनी ती वारली. तिच्या आयुष्यात कोणताही पुनर्जन्म झालेला मी पाहिला नाही.

दुःखाने माणूस मोठा होतो, या विधानात पहिली खोट इथेच आहे. आमच्याच आळीत दुःखाने विझून गेलेली माणसे मी मोजून दाखवू शकेन. नुकसानभरपाईच्या पैशावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. आयुष्यात कधी दारूला न शिवलेले दोघे-तिघे शेडच्या उन्हात बसून प्यायला लागले आणि त्यातच संपले. त्यांचे दुःख माझ्यापेक्षा कमी नव्हते आणि ती माणसेही माझ्यापेक्षा कमी दर्जाची नव्हती. दुःख आपल्या अंगच्या गुणाने माणसाला घडवत असते, तर त्या एका पहाटेने पन्नासहून अधिक गावे संतांची करून टाकली असती.

मग माझ्या बाबतीत जे काही झाले ते कशाने झाले, असा प्रश्न आपण विचाराल. मी त्याला आध्यात्मिक उन्नती वगैरे म्हणणार नाही, पण काहीतरी झाले एवढे खरे. त्याची सुरुवात देवळात झाली नाही, ती एका भिंतीपाशी झाली.

भूकंपानंतर काही गावे नव्या जागी वसवली गेली, तर जिथे घरे उभी होती पण तडकली होती अशा शेकडो गावांत दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमाची माहिती घरोघर पोचवण्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. मी तेव्हा सातवी पास होते आणि घरी अधू नवरा होता, म्हणून चार पैशांच्या आशेने मी नाव दिले. यात सेवाभाव नव्हता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. आम्हाला प्रशिक्षण देण्यासाठी एक वयस्क गवंडी आले होते. त्यांनी एका अर्धवट पडलेल्या घरासमोर आम्हाला उभे केले आणि मला विचारले, “पोरी, ही भिंत पडली का फुटली?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दाखवले.

आमच्याकडची जुनी घरे माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. भिंती दोन-अडीच फूट रुंद, वाटे की किल्ल्याच्या आहेत. पण ती भिंत एकसंध नव्हती. आत एक दगडांचा थर, बाहेर एक दगडांचा थर आणि मध्ये माती व दगडांच्या कपच्या, अशी ती रचलेली असे. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. जमीन हलली तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोटातून फुटली. वर लाकडी खांबांवर आणि तुळयांवर माळवद. जिथे ते खांब तगले तिथे भिंती गेल्या तरी छप्पर अधांतरी राहिले आणि माणसे वाचली. जिथे खांब निसटले तिथे सगळे छप्पर खाली आले. त्या छपराचे वजन कशाने वाढले होते, तर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर टाकल्या जाणाऱ्या पांढऱ्या मातीने. जुना थर कोणी काढत नसे. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जात आणि काही घरांवर त्याची जाडी दीड-दोन फुटांपर्यंत जाई.

गवंडीमामा हे समजावून सांगत होते आणि मी खाली बसले. दर वर्षी मृग लागण्यापूर्वी आमच्या माळवदावर ती माती मी स्वतः चढवली होती. सासरे वर उभे राहून पसरत आणि मी टोपल्या भरून शिडीवरून देत असे. माझ्या मुलाच्या अंगावर जे पडले त्यातला काही भार माझ्या डोक्यावरून गेला होता.

संपादक महोदय, माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस भूकंपाचा नव्हता, तो हा होता. तोपर्यंत मी देवाला दोषी धरून बसले होते आणि त्या रागावर जगत होते. त्या दिवशी तो आधार सुटला. कित्येक रात्री मी झोपू शकले नाही. शेवटी मी त्याच गवंडीमामांना जाऊन विचारले की, मग मीच मारले का त्याला? त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. हातातली थापी खाली ठेवली, माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “बाई, माझ्या बापानं बांधलेली बारा घरं या भागात पडली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला आता सांगितलंय. तुला आता सांगितलंय.” एवढेच बोलून ते पुन्हा कामाला लागले. माझे सांत्वन करण्याचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही, आणि मला सावरले ते त्यांनीच. जे कळले ते आता दुसऱ्याच्या दारात नेऊन सांगायचे होते, एवढे एक काम त्यांच्या बोलण्यातून माझ्या हाती आले.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे मी घरे हिंडले. डोक्यावरचा पदर सावरत, यजमानांच्या वयाच्या माणसांना भिंतीविषयी सांगणे सोपे नव्हते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके आधार द्यायचे. माळवदावरची माती काढून थर कमी करायचा. लोक हसत, म्हणत की चार बुकं शिकलेली बाई आम्हाला घर शिकवते. एका आजोबांनी माळवदावरची माती काढायला साफ नकार दिला, पाणी गळेल म्हणाले. त्यांना मी माझ्या मुलाची गोष्ट सांगितली. भूकंपानंतर मी ती पहिल्यांदाच कोणापाशी मोठ्याने सांगत होते. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरावर दोन माणसे कुदळ घेऊन चढलेली होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी दिवा लावला तेव्हा मी पाठ फिरवली नाही. हात जोडले नाहीत, पण पाठ फिरवली नाही. आध्यात्मिक अनुभवाच्या नावाखाली माझ्याकडे सांगण्यासारखे असेल तर ते एवढेच आहे.

याच काळात मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला आणि पुढे रडतखडत का होईना बी. ए. झाले. मराठी विषयात तुकोबांचे अभंग अभ्यासाला होते. ज्या अभंगामुळे ती शेजारीण उठून गेली होती, त्या अभंगकर्त्याकडे मला अभ्यासासाठी परत जावे लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की आम्हाला तो अर्धवटच सांगितला गेला होता.

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचे वाण्याचे दुकान त्यात बुडाले. त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगत एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितली आहे, तीत ते म्हणतात, ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ पुढच्याच चरणात ‘लज्जा वाटे जीवा, त्रासलों या दुःखें’ असे येते. ही वाक्ये मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. बायको अन्न अन्न करीत मेली, हे त्यांनी झाकले नाही. त्यात परीक्षा होती, संधी होती, असे काही म्हटले नाही. लाज वाटली, त्रासलो, एवढेच म्हटले. दुष्काळाने बरे केले असे म्हणणाऱ्या तुकोबांनी दुष्काळाने काय नेले तेही सांगून ठेवले आहे, आणि प्रवचनांत मात्र एक अभंग येतो, दुसरा येत नाही.

लाज आणि त्रास सांगून झाल्यावर लगेच पुढे त्या अभंगात काय येते, ते माझ्यासारखीला विशेष वाटते. ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥’ पडझड झालेले देऊळ होते, ते करावे असे मनात आले. कीर्तन त्याच्यानंतर येते, आणि तेही आधी अभ्यासात चित्त नव्हते या कबुलीसह. म्हणजे शोकातून बाहेर पडताना तुकोबांच्या हाती पहिल्यांदा आले ते पडलेल्या भिंतीचे काम. विद्वान मंडळी या चरणाचा अर्थ आणखी खोलवर लावत असतील, त्यांच्याशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. पण भिंतीत सळया भरत हिंडलेल्या बाईला तो चरण वाचून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

दुसरी गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे आणि लहानपणापासून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. दुष्काळानंतर त्यांनी त्यांतली निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा वाटा म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती आता वेगळी दिसते. दुष्काळ केवळ तुकोबांवर आला नव्हता, त्यांच्या कुळांवरही आला होता. स्वतः दिवाळखोर झालेला माणूस दुसऱ्याकडे जे मागू शकत होता ते त्याने सोडले, आणि भावाच्या वाट्याला हात न लावता सोडले. ‘बरें जालें’ हे शब्द ज्या तोंडून निघाले त्या माणसाचे हात असे रिकामे झालेले होते. आमच्या शेडसमोर ज्यांनी ते शब्द उच्चारले त्यांचे काही गेले नव्हते आणि आम्हाला त्यांनी काही सोडलेही नव्हते.

त्या खतांनी माझ्या मनात घर केले. मी वर लिहिले आहे की देवाकडे माझे येणे आहे असे मी धरून बसले होते. नवस बोलले, फेडला, बदल्यात मिळालेले मूल परत नेले गेले. ते खत मी छातीशी धरून होते आणि त्यावर व्याज चढवत होते. ते मी एका दिवसात सोडले असे नाही. हळूहळू, घरे हिंडता हिंडता, एके दिवशी लक्षात आले की पुष्कळ दिवसांत मी ते उघडून पाहिलेले नाही. आता मी दिवा लावते. मागत काहीच नाही, नवस तर नाहीच. माझ्या मुलाचे नाव त्या वेळी एकदा मनात घेते. ‘बरे झाले’ हा शब्द त्याच्या बाबतीत माझ्या तोंडून आजही निघत नाही आणि मरेपर्यंत निघणार नाही. माझे मूल जाऊन मी शहाणी झाले, असा सौदा मला कोणी आधी विचारला असता तर मी अडाणी राहणे पत्करले असते. तरीही जी समज आली ती खोटी नाही. ती आणि ते दुःख, दोन्ही एकाच घरात राहतात. माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. तिने मला सांगितले की आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीचा अभ्यास रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी अभ्यासकांनी मांडला, आणि वाढ झाली म्हणून वेदना संपते असे तेही म्हणत नाहीत. ती वाढ आघाताने होत नाही, आघाताशी माणूस जी झुंज देतो त्यातून होते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते ऐकून मला बरे वाटले, कारण इतकी वर्षे हे दोन्ही बरोबर वागवताना आपलेच काही चुकते आहे की काय, असे मला वाटत असे.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागातील काही बायका तिकडे गेल्या. त्यात मीही होते. भाषा येत नव्हती. भचाऊच्या बाजूला एका वस्तीत आम्ही गेलो, तर गावातल्या बायका ढिगाऱ्याशेजारी बसल्या होत्या आणि आमच्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांची ती नजर आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. आम्ही काही बोललो नाही. आमच्यातल्या एकीने पाटी उचलली आणि दगड-माती भरायला लागली. मग दुसरी लागली. दुपारी त्यांच्यातली एक उठली आणि आमच्यासाठी चहा घेऊन आली. तिला कोणीतरी हिंदीतून सांगितले की या बायका लातूरहून आल्या आहेत, यांचेही असेच झाले होते. तिने माझा हात धरला आणि बोटे वर करून खुणेने विचारले, किती? मी एक बोट वर केले. तिने दोन केली. आम्ही तशाच बसून राहिलो. माझ्या देवाविषयीच्या साऱ्या प्रश्नांना जर कधी उत्तर मिळाले असेल तर ते त्या बसण्यात मिळाले, आणि ते शब्दांत आणण्याचा प्रयत्न मी करत नाही.

तिथेच मी कच्छी भुंगे पाहिले, गोल भिंतींची मातीची घरे. शेजारची दगडी आणि सिमेंटची घरे पडली होती आणि यांतली पुष्कळशी उभी होती. इतकी वर्षे मी मातीला वैरीण समजत आले होते. गोल भिंत हादरा वाटून घेते, हे तिथल्या माणसाने सांगितले तेव्हा मातीवरचा माझा राग गेला. ही गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण माझ्यासाठी ती सोडून नाही.

आता सध्याच्या पुराविषयी. परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठच्या एका गावात पाणी ओसरल्यावर मी आमच्या गटाबरोबर गेले होते. सोयाबीन उभे कुजले होते. नदीकाठची जमीन अशी खरडून गेली होती की खालचा मुरूम उघडा पडला होता. ज्या शेतात माती राहिली नाही त्या शेतकऱ्याला ‘पुढच्या हंगामात जोमाने उभा राहा’ असे म्हणणे म्हणजे काय, हे म्हणणाऱ्याने त्या मुरुमावर उभे राहून एकदा पाहावे. एका घरात एक तरुण सून कणगीतली भिजलेली ज्वारी बाहेर काढून पसरत होती. ज्वारीला मोड आले होते. ती जनावरांनाही घालता येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती, आणि घालायला जनावरे राहिलीही नव्हती. त्याच दिवशी गावच्या शाळेत एका पाहुण्यांचे व्याख्यान होते आणि या सुनेलाही बोलावणे आले. संकटाकडे सकारात्मक दृष्टीने कसे पाहावे, असा विषय होता. तिने मला विचारले, “मावशी, जायलाच पाहिजे का? नाही गेले तर मदतीच्या यादीतून नाव काढतील का?” तिचा हा प्रश्न ऐकून मी हे पत्र लिहायचे ठरवले.

माझी आपणाकडे आणि आपल्यामार्फत वाचकांकडे विनंती आहे. संकटात सापडलेल्या माणसाला त्याच्या संकटाचा अर्थ सांगू नये. तो अर्थ असलाच तर त्याचा त्याला लागेल, किती वर्षांनी लागेल हे कोणी ठरवू शकत नाही, आणि नाही लागला तर त्यात त्या माणसाची कसूर नाही. कीर्तनकार आणि प्रवचनकार महाराजांना माझी हात जोडून विनंती आहे की आपद्ग्रस्त गावात ‘बरें जालें’ लावण्यापूर्वी ‘अन्न अन्न करितां मेली’ हा अभंग आधी लावावा आणि त्यावर थांबावे. समोर बसलेल्या बाईला कळू द्यावे की तुकोबांच्या घरीही असेच झाले होते आणि त्यांनाही लाज वाटली होती, त्रास झाला होता. त्याने ती उठून जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आपल्या वार्ताहरांनाही एक सांगणे आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला आमच्याकडे पत्रकार येतात, जुन्या गावठाणात वाढलेल्या वेड्या बाभळींचे छायाचित्र घेतात आणि आम्हाला विचारतात की त्या दिवसाची आठवण आली की काय वाटते. आम्हाला काय वाटते ते तुम्हाला समजणारे आहे. त्याऐवजी, आम्हाला काय कळले ते विचारावे. नव्या गावांतही आता वरचे मजले चढत आहेत, वाढीव खोल्या बांधल्या जात आहेत आणि त्यांत भिंतींचे कोपरे बांधून घेतले जातात की नाही, भिंतींना सभोवार बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घातला जातो की नाही, हे कोणी पाहत नाही. भूकंप न पाहिलेली पिढी आता घरे बांधते आहे. तिच्यापर्यंत हे पोचवायचे असेल तर आम्ही आहोत तोवर विचारा. आमच्यातल्या पुष्कळ जणी आता राहिलेल्या नाहीत, गवंडीमामाही गेले.

परंड्याच्या त्या सुनेला मी सांगितले की व्याख्यानाला जायची गरज नाही, यादीचे मी तलाठ्यांशी बोलते. बोललेही, तिचे नाव यादीत होते. मग आम्ही दोघी मिळून संध्याकाळपर्यंत ज्वारी निवडत बसलो. पोतेभर निघाली, बाकीची टाकून द्यावी लागली. तिने माझ्याविषयी काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. निघताना ती म्हणाली, “परत याल ना?” तिच्या घराची मागची भिंत पाण्याने खचली आहे, तिच्याही पोटात आरपार दगड नाही हे मी पाहून ठेवले आहे. पुढच्या आठवड्यात एका गवंड्याला घेऊन मी पुन्हा तिच्याकडे जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक भूकंपग्रस्त वाचक
(तालुका औसा, जिल्हा लातूर)